शिगेची पायली

रोह्याच्या शाळेत मी गणित शिकवते. आठवीच्या वर्गात दर वर्षी एक चूक हमखास होते. पाण्याच्या टाकीत किती पाणी मावेल, असं उदाहरण असतं. मुलं लांबी, रुंदी आणि उंची नीट गुणतात, उत्तरही बरोबर काढतात आणि शेवटी एकक लिहितात चौरस मीटर. मी लाल शाईने 'चौरस' खोडते आणि वर 'घन' लिहिते. कोणी म्हणतं, "बाई, उत्तर तर बरोबर आहे ना?" पूर्वी मी त्यावर हसायचे. अलीकडे हसू येत नाही. त्या एका शब्दापायी आमच्या दोन घरांमधला बांध हलायची वेळ आली होती.

मला हा फरक शिकवला पेणच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या सरांनी. आमचं गाव गडबच्या आत, महामार्ग सोडून डोंगराच्या अंगाला. तिथून एसटीने मी पेणला शाळेत जायचे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपर्यंत कोणी पोचलं नव्हतं, त्यामुळे पाठ्यपुस्तकातलं काही अडलं तर घरी विचारण्यासारखं कोणी नव्हतं. सरांना ते माहीत होतं. एक दिवस त्यांनी विचारलं, "उद्या घरून कोण पायली आणेल?" मी हात वर केला. पायली म्हणजे चार शेर धान्य मावेल असं गोल माप, आमचं पत्र्याचं होतं. वडिलांनी ती तांदळाने भरून पिशवीत घालून दिली आणि बजावलं, "तांदूळ सांडले तर सांडू दे, माप परत आण."

सरांनी ते तांदूळ वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात ओतले आणि आम्हाला हातांनी पसरायला सांगितले. पसरता पसरता ते पार जिन्यापर्यंत गेले. मग सर म्हणाले, "आता गोळा करा." परत छोटा ढीग झाला. "तांदूळ वाढले का? कमी झाले का?" आम्ही नाही म्हणालो. "मग काय बदललं?" कोणाला सांगता येईना. तेव्हा सर म्हणाले, "जागा किती अडवली ते क्षेत्रफळ. माल किती आहे ते घनफळ. जागा बघून मालाचा अंदाज बांधू नका." घरी आल्यावर आईने ते तांदूळ चाळले, पाखडले, खडे काढले. सर आता नाहीत. मी बीएस्सी झाले, बीएड झाले, रोह्यात नोकरीला लागले, तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी पेढा हातात धरून विचारलं होतं, "याचं एकक काय?" मी म्हटलं, "घन, सर." मग त्यांनी तो खाल्ला.

आता शेताविषयी सांगते. माझ्या आजोबांचं, म्हणजे आबांचं, शेत एकाच गटात होतं. वडील थोरले, काका धाकटे. आजोबांनी आपल्या हयातीतच दोघांना वाटून दिलं. मधोमध एक बांध. बांधाच्या खालचा, ओढ्याकडचा भाग आमचा. वरचा, डोंगराकडचा काकांचा. कागदावर मात्र वाटणी कधी चढलीच नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं एकत्र राहिली, निम्मा निम्मा हिस्सा म्हणून. चाळीसेक वर्षं त्यावाचून कोणाचं अडलं नाही. त्या बांधावर मी लहानपणी बसले आहे, डबा खाल्ला आहे, आणि कुठला चिखल आमचा आणि कुठला काकांचा हे मला कधी वेगळं दिसलं नाही.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात काका वारले. मागे काकी एकटी. एकच मुलगी, ती खांब गावात दिलेली. वारसाची नोंद करताना तलाठ्याने सुचवलं, आता मोजणी करून हिस्से वेगळे करून घ्या. माझा धाकटा भाऊ धाटावला एका कंपनीत आहे, शिफ्ट करून शेतीही बघतो. त्याने मोजणीचा अर्ज केला. त्यात वावगं काही नव्हतं. वडिलांच्या माघारी भानगड नको, एवढाच त्याचा विचार होता.

दिवाळीनंतर भात झोडून झालं आणि मोजणीदार यंत्र घेऊन आले. नकाशा हाती आला तेव्हा कळलं की बांधाच्या वरचा भाग खालच्यापेक्षा अकरा गुंठ्यांनी मोठा आहे.

त्या रविवारी मी माहेरी गेले होते. ओटीवर वडील, भाऊ आणि काकी. भावाने नकाशा जमिनीवर पसरला होता आणि चारी कोपऱ्यांवर सुपाऱ्या ठेवल्या होत्या.

"काकी, मी कोणाचं घेत नाय," तो म्हणाला. "सातबाऱ्यावर निम्मं निम्मं हाय. अकराचे निम्मे साडेपाच गुंठे आपल्या बाजूला येतात. बांध वर सरकवायचा, बस. उद्या मी नसलो, तू नसलीस, तर पोरांनी भांडायला नको."

"कुठपर्यंत सरकवनार?" काकीने विचारलं.

भावाने नकाशावर बोट फिरवलं. ते बोट खळ्याच्या खालच्या दोन खाचरांवरून गेलं. काकीच्या भागात बरं पीक येतं ते त्या दोनच खाचरांत. त्यावर तिचं वर्षाचं भात निघतं. वर डोंगराकडे जावं तसा कातळ उघडा पडत जातो. ती दोन खाचरं गेली की काकीला स्वतःच्या भातावर राहता येणार नव्हतं. मग लेकीकडे जाऊन राहणं आलं. आणि काकी एकदा खांबला गेली की परत येणार नाही, हे ओटीवर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

काकी नकाशाकडे बघतही नव्हती. "यंत्रानं मोजली व्हय माझी जमीन? बरं झालं. आता लावनीला पन यंत्रालाच बोलव. मी नाय येत वाकायला."

"काकी, चेष्टा नको गो."

"चेष्टा तू मांडलीस पोरा, सुपाऱ्या ठेवून. लगीन लागतंय का कोनाचं?"

वडील म्हणाले, "आबांनी वाटून दिलंय. त्यात हात घालायचा नाय."

"कशावर लिहिलंय ते दाखवा, मी आता नकाशा फाडतो," भाऊ म्हणाला. वडिलांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, काठी घेतली आणि परड्यात निघून गेले. त्यानंतर बरेच दिवस त्या दोघांचं बोलणं फक्त गोळ्या घेतल्या का आणि जेवला का, एवढ्यावर आलं.

काकी उठताना माझ्याकडे वळली. "तू गनिताची बाई ना गो? तूच सांग. निम्मं म्हंजे काय असतं?"

भावाचं गणित चुकलेलं नव्हतं. त्याच्याजागी माझा विद्यार्थी असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. तरीही काहीतरी चुकत होतं आणि ते काय ते मला रोह्याच्या गाडीत बसल्यावर सुचलं. गुंठा हे क्षेत्रफळाचं माप. नकाशावर शेताला लांबी असते, रुंदी असते. खोली नसते. मोजणीदाराला ती मोजायला कोणी सांगितलेलंच नसतं.

मी भावाला फोन केला. "बांधाचा अर्ज एवढ्यात देऊ नकोस. मला एक रविवार दे."

"काय करणार?"

"माती किती खोल आहे ते बघणार."

मग तो म्हणाला, "ये. पहार मी मारतो. तुझ्याने नाय व्हायची."

हे मला आजही बरं वाटतं. त्याला त्याच्या म्हणण्याची खात्री होती, पण बघायचंच नाही असं त्याने म्हटलं नाही. रविवारी तो रात्रपाळी करून आला होता. डोळे लाल होते. चहा घेऊन आम्ही निघालो, त्याच्या खांद्यावर पहार, माझ्या हातात शाळेतली मोजपट्टी.

आधी वरच्या भागात गेलो. काकी आपल्या दारात तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून तिने हाक मारली नाही. भावाने पहिल्या ठिकाणी पहार मारली आणि ठण्ण असा आवाज आला. वीतभर मातीखाली कातळ. चार पावलं सरकून परत मारली. पुन्हा ठण्ण. कुठे वीत, कुठे दीड वीत. खळ्याखालच्या दोन खाचरांत तेवढी हातभर आत गेली. प्रत्येक ठिकाणी मी पहारेला खडूने खूण करायचे आणि पट्टी लावायचे. पाचसहा वेळा तो आवाज ऐकल्यावर भावाने घाम पुसला आणि म्हणाला, "काका यात नांगर कसा घालायचा गो?"

"तू बघितलं नाहीस?"

"बघितलंय की. पण आपल्याच हातानं बसला नाय ना दणका."

मग बांध ओलांडून खाली आलो. आमच्या भागात भात निघाल्यावर वाल पेरलेले होते. नुकती दुहेरी पानं फुटली होती. ओळींमध्ये जागा बघून त्याने पहार मारली आणि ती सरळ आत गेली. दोनतीनदा वरखाली केल्यावर कमरेएवढी बुडाली.

"ताई, पाताळात जायची. धर."

मी हसले. तोही हसला. पण दुसरीकडे, तिसरीकडे तेच झालं तेव्हा त्याने पट्टी माझ्या हातून घेऊन स्वतःच खूण मोजली.

ओटीवर बसून मी आकडे मांडले. गणित अगदी काटेकोर होतं असं मी म्हणणार नाही. कातळ सपाट नसतो आणि आम्ही काही प्रत्येक हातावर पहार मारली नव्हती. पण अंदाजाने सरासरी काढून क्षेत्रफळाला गुणलं तरी खालच्या भागातली माती वरच्यापेक्षा दुपटीहून जास्त भरत होती. गुंठे कमी, घनमीटर जास्त.

भावाने कागद बघितला. "म्हणजे माती आपल्याकडे जास्त."

"हो."

"मग उलट आपणच काकीला द्यायचं निघतंय?"

मी म्हटलं, "तसंही नाही. भाताची मुळं वीतभरच खाली जातात. त्याच्या खालची माती भाताला फारशी लागत नाही. नुसत्या घनफळानेही शेत वाटता येत नाही."

"मग हे सगळं कशाला केलं? माझी झोप गेली ती गेली."

मला एवढंच कळलं होतं की नकाशाने अर्धीच गोष्ट सांगितली आहे. उरलेली अर्धी मला घनफळात सापडेल असं वाटलं होतं. तीही पूर्ण सापडली नव्हती.

वडील दारात उभे होते. कधी आले ते आम्हाला कळलं नाही. त्यांचं लक्ष कोपऱ्यात टेकवलेल्या पहारेकडे होतं. तिच्यावर खडूच्या खुणा होत्या, खाली जवळजवळ आणि वर एक लांब.

"ही वरची खूण ओढ्याकडची का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," भाऊ म्हणाला. कितीतरी दिवसांनी दोघं गोळ्यांखेरीज काही बोलत होते.

वडील खाली बसले आणि आजोबांनी वाटणी कशी केली ते त्यांनी सांगितलं. आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं. आजोबांनी गुंठे मोजलेच नव्हते. आमच्याकडे तेव्हा शेत गुंठ्यांनी सांगतच नसत, त्यात किती पिकतं त्यावर सांगत. खंडीचं शेत, दीड खंडीचं शेत. म्हणून आजोबांनी दोन वर्षं वरचं भात वेगळं झोडलं, खालचं वेगळं झोडलं, एकाच खळ्यावर, आणि एकाच पायलीने मापलं. मधला बांध तेव्हा घातलेला नव्हता. वरचं माप कमी आलं की त्यांनी वरच्या बाजूला आणखी एक खाचर जोडलं. खळ्याखालची ती दोन खाचरं तशीच वरच्या वाट्यात गेली. दोन्हीकडे भात सारखं उतरायला लागलं तेव्हा बांध घातला.

"म्हणून वरची जागा मोठी," मी म्हणाले.

"मोठी हायच. पिकायला तेवढी लागते. पन भात सारखं झालं तरी एक राहिलं. वाल. वर कातळावर ओल राहत नाय, वाल व्हत नाय. तो फक्त आपल्याकडं. त्याची वाटनी कशी करायची? तर आबा मला म्हनाले, खालचं तू घे, पन वाल निघाला की पाच पायल्या भावाच्या घरात घालायच्या. शिगेच्या."

शीग म्हणजे मापाच्या काठावर उभी राहते ती रास. बाजारात पायली भरली की वरून हात फिरवून काठाबरोबर करतात. घरच्या माणसाला द्यायची तर शीग ठेवतात, आणखी एक दाणा टाकला तर ओघळेल इतकी.

त्या पाच पायल्या मी ओळखत होते. शिमग्याच्या सुमाराला वाल झोडला की वडील पायली भरायचे आणि मी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून काकांकडे न्यायचे. शीग सांडू नये म्हणून पावलं सांभाळत चालायचे. काका पायली उचलून टोपलीत पालथी करायचे आणि म्हणायचे, "पावली गो बाय." मला ते वडिलांचं भावावरचं प्रेम वाटायचं. ती वाटणीतली अट होती हे मला त्या दिवशी कळलं. मला क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, अट पाच पायल्यांची होती. इतकी वर्षं ती शीग रचत राहिला तो हात तर वडिलांचाच होता.

भाऊ बराच वेळ नकाशाची गुंडाळी हातात फिरवत होता. "हे आधी सांगायचंत ना, बाबा."

"तू लिहिलेलं मागितलंस."

"चुकलं."

"तुझं काय चुकलं? तू जे शिकलास त्यानं मोजलंस." वडील माझ्याकडे वळले. "हिला जे शिकवलं त्यानं हिनं मोजलं. आबांनी खाऊन मोजलं."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं तहसील कचेरीत गेलो. आहे त्याच बांधावर हिस्से वेगळे करावेत, क्षेत्र कमीजास्त असलं तरी आमची हरकत नाही, अशा संमतीवर सह्या झाल्या. वडिलांनी अंगठ्याऐवजी सही केली. ती त्यांनी मी पाचवीत असताना माझ्याकडून शिकून घेतली होती. तिथल्या कारकुनाने दोनदा विचारलं, "अकरा गुंठे जास्त जातायत, कळतंय ना?" भाऊ म्हणाला, "कळतंय."

काकीने सही केली आणि उतरताना जिन्यावर भावाला म्हणाली, "हे बघ, उपकार केलास असं गावात सांगत फिरू नको."

"नाय सांगत."

"आनि केलेला पन नाय."

"नाय केला, काकी. चल, चहा घे."

"शिफ्ट नाय वाटतं आज साहेबाला," ती म्हणाली, आणि चहाला आली. पण पुढचे दोनतीन महिने ती आमच्या ओटीवर चढली नाही. बांध जागच्या जागी राहिला, खाचरं वाचली, तरी सुपाऱ्या ठेवलेला तो नकाशा तिच्या डोळ्यांसमोरून गेला नसावा. मी माहेरी गेले की तिच्याकडे डोकावायचे. ती चांगलं बोलायची, डाळ घालून पालेभाजी द्यायची, पण भावाचा विषय निघाला की भांडी आवरायला लागायची.

शिमग्याच्या आदल्या रविवारी वाल झोडून झाला होता. वडिलांच्याने आता वाकवत नाही. पायली भावाने भरली. तीच, मी पेणला नेलेली, तिचा एक कान आता तुटला आहे. त्याने ओंजळीने शीग रचली, दाणे ओघळायला लागले तरी रचत राहिला. वडील खुर्चीवरून बघत होते. त्यांनी 'ने आता' एवढंच म्हटलं, म्हणजे शीग त्यांना पटली होती.

"मी नेऊ का?" मी विचारलं. मला भीती वाटत होती. काका होते तेव्हा ही भावाची भावाला भेट होती. आता सगळं उघड झाल्यावर ते देणं झालं होतं, आणि काकी देणं म्हणून काही घेईल असं मला वाटत नव्हतं.

"नको. मीच जातो," भाऊ म्हणाला.

मी मागून गेले. काकी अंगणात सारवत होती. भाऊ पायली पोटाशी धरून तिच्यासमोर उभा राहिला. वाटेत फार सांडलं नव्हतं.

काकीने हात धुतले, पदराला पुसले आणि पायलीकडे पाहिलं. "शीग कोनी भरली?"

"मी."

"बाबांचा हात नाय वाटत. डावीकडं कलंडलीय."

"पहिलीच हाय गो माझी."

काकी आत गेली आणि टोपली आणि सूप घेऊन आली. मला वाटलं, आता पालथी करेल. तिने पायली सुपात ठेवून घेतली. मग आपला उजवा तळहात काठावर टेकवला आणि अलगद फिरवला, बाजारात फिरवतात तसा. सगळी शीग सुपात उतरली. पायली काठाबरोबर झाली.

भावाचा चेहरा उतरला. "काकी, शिगेची द्यायची आबांनी सांगितलंय."

"तुम्ही दिलीत की." तिने पायली टोपलीत रिकामी केली आणि ती त्याच्या हातात दिली. मग सूप उचललं आणि तो वाल माझ्या ओंजळीत ओतायला लागली. ओंजळ भरली तशी मी पदर पुढे केला. "ही शीग माझ्या घरातून तुमच्या घरात. रोह्याला ने. भिजत घाल, मोड आन, बिरडं कर. तुझ्या पोरीला सांग, आजीनं दिलंय."

भाऊ रिकामी पायली घेऊन उभाच होता.

"बघत काय उभा राहिलास?" काकी त्याला म्हणाली. "अजून चार राहिल्या ना? जा, आन. आनि शीग सरळ रच."